हातचा कोण धरणार?

आंबागडच्या डोंगरापासून समुद्र किती दूर, असे अचानक विचारले तर भूगोलाचा विद्यार्थीही क्षणभर थांबेल. भंडारा हा तलावांचा जिल्हा. आमचे पाणी म्हणजे वैनगंगेचे, बावनथडीचे, चांदपूरच्या तलावाचे. खारे पाणी आम्ही बघतो ते सहलीला गेल्यावर. अशा ठिकाणी बसून समुद्राच्या पोटात बुडी मारण्याच्या शास्त्रावर लिहावे, आणि तेही कला महाविद्यालयाच्या वार्षिकांकात, हे काहींना हास्यास्पद वाटेल. वाटो. मालवण-तारकर्लीची वाट आता आमच्या भागातल्या तरुणांनाही ठाऊक झाली आहे. सिंधुदुर्ग किल्ला बघायचा, आसपासच्या पाण्यात स्कूबाची एक बुडी मारायची आणि माशांबरोबरचा फोटो घेऊन यायचे, हा कार्यक्रम ठरलेला. त्यातले एखाददोघे पुढे रीतसर शिकून प्रमाणपत्र घेण्याच्या गोष्टीही बोलतात. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने या विद्येसाठी संस्थाच काढली आहे, तेव्हा ही इच्छा काही आकाशातली नव्हे.

या मंडळींच्या तोंडून एक वाक्य हमखास ऐकू येते : "तक्ते-बिक्ते शिकायची आता गरज नाही. मनगटावर संगणक असतो. तो सांगेल तेव्हा वर यायचे." माझे भांडण या वाक्याशी आहे. त्या संगणकाशी नाही, हे आधीच सांगून टाकतो; कारण संगणकाविरुद्ध बोलणारा माणूस म्हणजे बैलगाडीचा कैवारी, असा एक समज आपल्याकडे पक्का झाला आहे.

भांडणाचे कारण समजायचे तर आधी पाण्याखाली होते काय ते बघायला हवे. आपल्या डोक्यावर हवेचे ओझे असते. समजा, आंबागडची चढण शंभर मीटरची धरली. एवढे चढून घामाघूम झाल्यावर आपल्यावरचा हवेचा दाब कमी होतो तो शेकडा एक-सव्वा. पाण्यात तेवढाच फरक पडायला अर्धी वीत वर-खाली झाले की पुरते! पाणी इतके जड आहे. समुद्रात दहा मीटर खोल गेले की शरीरावरचा दाब दुप्पट होतो, वीस मीटरवर तिप्पट, तीस मीटरवर चौपट. स्कूबाचे उपकरण पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा त्या त्या खोलीच्या दाबानेच तोंडात देते. तसे नसते तर छातीच फुगली नसती. म्हणजे तीस मीटरवर घेतलेल्या एका श्वासात काठावरच्या चार श्वासांइतकी हवा असते. तिच्यातला ऑक्सिजन शरीर वापरते. उरलेला नायट्रोजन, जो हवेत शेकडा ७८ असतो, त्याचा शरीराला काही उपयोग नाही. तो रक्तात विरघळतो आणि रक्तावाटे स्नायू, चरबी, सांधे यांत जाऊन बसतो.

आत जातो तेव्हा तो कोणाला त्रास देत नाही. त्रास असतो बाहेर येण्याचा. जत्रेतली गोटी सोड्याची बाटली आठवा. गोटी जागेवर आहे तोवर पाणी कसे शांत, निर्मळ. एक बुडबुडा दिसेल तर शपथ. अंगठ्याने गोटी आत ढकलली की सारी बाटली फसफसते. वायू आधीपासून तिथेच होता, दाब उतरला म्हणून प्रकट झाला. खोल पाण्यातून घाईने वर येणाऱ्या माणसाच्या रक्तात आणि सांध्यांत हेच होते. सांधे ठणकतात, हातपाय बधिर होतात, बुडबुडे मज्जारज्जूत अडकले तर माणूस कमरेखाली लुळा पडतो, कधी प्राणही जातो. आंबागडावर ठेवलेल्या कैद्यांना तिथल्या विहिरीचे साचलेले पाणी पाजून मारीत, अशी जुनी हकिगत आहे. पाण्याने माणूस मरतो तो बुडूनच असे नाही, हे आमच्या गडाला फार पूर्वीपासून ठाऊक असावे!

या दुखण्याची ओळख जगाला पाणबुड्यांनी करून दिली नाही. ती पुलाच्या मजुरांनी करून दिली. नदीच्या तळाशी पाया खणण्यासाठी दाबाची हवा भरलेल्या प्रचंड पेट्यांत माणसे उतरवीत. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचे काम चालू असताना १८७२ साली खुद्द मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग या दुखण्याने अंथरुणाला खिळला. दुखणाईत मजूर वाकून चालत, त्यावरून दुखण्याला 'बेंड्स' हे थट्टेचे नाव पडले आणि ते आजतागायत टिकले आहे. गुन्हेगार नायट्रोजन आहे हे पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ साली दाखवून दिले. पण मग किती खोल, किती वेळ, आणि वर कसे यावे? त्याचे उत्तर ब्रिटिश नौदलासाठी जॉन स्कॉट हाल्डेन यांनी शोधले आणि दोन सहकाऱ्यांसह १९०८ साली प्रसिद्ध केले. प्रयोगासाठी त्यांनी बकऱ्या वापरल्या. दाबाच्या खोलीतून बाहेर आलेली बकरी एखादा पाय उचलून धरू लागली की समजायचे, सांध्यात बुडबुडे झाले. १९०६ साली स्कॉटलंडच्या समुद्रात झालेल्या प्रत्यक्ष चाचण्यांत हाल्डेन यांनी आपल्या तेरा वर्षांच्या मुलालाही पाणबुड्याचा पोशाख चढवून खाली सोडले होते. तो मुलगा म्हणजे पुढे भारताचा नागरिक झालेला आणि १९६४ साली भुवनेश्वरला निवर्तलेला जे. बी. एस. हाल्डेन. बाप कसा होता याविषयी ज्याने त्याने आपले मत करावे.

हाल्डेन यांची मुख्य कल्पना समजायला भंडाऱ्याच्या माणसाला अजिबात जड जाऊ नये. आपल्याकडे कोहळ्यांनी बांधलेले तलाव आहेत, मालगुजारी गेल्यावर ज्यांना 'मामा तलाव' म्हणू लागले ते. आणि शेताशेतांत लहान बोड्याही आहेत. बोडी एका जोरदार पावसात भरते. मोठ्या तलावाला सारा पावसाळा लागतो. उपसताना तोच न्याय : बोडी चटकन रिकामी, तलाव महिनोन्महिने उतरत असतो. शरीराचेही असेच आहे. रक्ताचा भरपूर पुरवठा असलेले भाग नायट्रोजनने लवकर भरतात आणि लवकर मोकळे होतात. चरबी, सांधे यांचे काम सावकाश चालते. हाल्डेन यांनी शरीर पाच प्रकारच्या 'जलाशयां'चे मानले. एक पाच मिनिटांत निम्मा भरणारा, मग दहा, वीस, चाळीस आणि पंचाहत्तर मिनिटांत. निम्मा भरल्यावर तेवढ्याच वेळात उरलेल्याच्या निम्मा, पुन्हा त्याच्या निम्मा, असे ते चालते. कुठल्याही जलाशयात दाबाचा फरक ठरावीक मर्यादेपलीकडे जाणार नाही अशा बेताने वर यायचे, एवढेच सूत्र. पुढचे सारे तक्ते या सूत्राची लेकरे-नातवंडे आहेत. १९५० च्या दशकातला अमेरिकी नौदलाचा तक्ता घ्या : साठ फुटांवर साठ मिनिटे, शंभर फुटांवर पंचवीस मिनिटे, एवढ्यात निघाले तर वाटेत थांबा न घेता वर येता येईल. हौशी पाणबुड्यांसाठी १९८८ साली निघालेल्या तक्त्याने हात आणखी आखडता घेतला : अठरा मीटरवर छप्पन मिनिटे, तीस मीटरवर वीस.

आता दुसरी बुडी. सकाळी एक झाली, जेवण झाले, दुपारी पुन्हा पाण्यात उतरायचे. सकाळचा नायट्रोजन अंगात पुरता संपलेला नाही. बोड्या मोकळ्या झाल्या, तलाव अजून भरलेलेच आहेत. तेव्हा दुपारच्या हिशेबात सकाळची शिल्लक मिळवावी लागते. दुसरीच्या वर्गात गुरुजी बेरीज शिकवताना दटावीत, "हातचा धरला का?" तो हा हातचा. तक्ता शिकणे म्हणजे मुख्यतः हा हातचा धरायला शिकणे. इतर गोष्टी विसरल्या तरी चालतील, हा विसरून चालणार नाही.

आणि संगणक? १९८३ च्या सुमारास पाणबुड्यांसाठी पहिले चांगले चाललेले विजेरीवरचे संगणक बाजारात आले. आज ते मनगटी घड्याळाएवढे झाले आहेत. त्यांच्या पोटात तोच हाल्डेनचा हिशेब आहे, फक्त सुधारून वाढवलेला. झुरिकच्या आल्बर्ट ब्यूलमन यांची रीत आज अनेक उपकरणांत वापरतात. तिच्यात पाचाऐवजी सोळा जलाशय आहेत. सर्वांत चपळ चार मिनिटांत निम्मा भरणारा, सर्वांत आळशी सहाशे पस्तीस मिनिटांत, म्हणजे साडेदहा तासांनी. हा सारा हिशेब यंत्र दर काही सेकंदांनी करीत राहते. माणसाच्या हातून हे होणे नाही, आणि व्हावे असा माझा आग्रहही नाही. शिवाय तक्त्याचा एक मोठा दोष यंत्रात नाही. पाच मिनिटे तीस मीटरवर आणि उरलेला वेळ बारा मीटरवर घालवला तरी तक्ता सारा वेळ तीस मीटरचाच धरतो. दारात पाय ठेवला की पूर्ण रात्रीचे भाडे लावणाऱ्या लॉजवाल्यासारखा. यंत्र जेवढ्यास तेवढे मोजते. तुम्ही फार वेगाने वर येत असाल तर ओरडते. शेवटी पाच मीटरवर तीन मिनिटे थांबायची आठवण देते. एवढे काम करणाऱ्याला नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल.

पण मोजते काय, हे नीट ध्यानात घेतले पाहिजे. त्याला एक दाब कळतो, एक वेळ कळते. तुमच्या रक्तात किती नायट्रोजन आहे हे ते बघत नाही. त्याच्या आत कल्पिलेल्या माणसाच्या सोळा कल्पित जलाशयांत किती असावा, हे ते सांगते. आकडा मात्र असा ठसठशीत दाखवते की तो आपल्या अंगातूनच काढून आणलाय असे वाटावे. त्या कल्पित माणसाने आदल्या रात्री दारू घेतलेली नसते. तो एस. टी.त रात्रभर अवघडून आलेला नसतो, उन्हाने सुकलेला नसतो, त्याचे वय आणि वजन वाढलेले नसते. दर चार माणसांपैकी सुमारे एकाच्या हृदयाच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात जन्मापासूनची एक फट पुरती बुजलेली नसते. एरवी तिचा उपद्रव नाही, पण शिरांतले बुडबुडे फुप्फुसाची गाळणी चुकवून त्या फटीतून थेट मेंदूकडे जाऊ शकतात. मनगटाला हे कसे कळणार? काही नव्या उपकरणांत हृदयाचे ठोके आणि अंगाचे तापमान मोजण्याची सोय झाली आहे, तरी मूळ गोष्ट तीच आहे.

आणखी साधी गोष्ट : यंत्र मनगट ओळखते, माणूस ओळखत नाही. भाड्याने घेतलेले यंत्र सकाळी एकाच्या हातावर आणि दुपारी दुसऱ्याच्या हातावर गेले, तर दुपारच्या माणसाच्या नावावर सकाळच्याचा हातचा लागतो. हे एक वेळ परवडले. उलट घडले तर? सकाळी जो तीस मीटर जाऊन आला त्याला दुपारी कपाटातले कोरे यंत्र मिळाले तर ते त्याला बिनधास्त पूर्ण वेळ देऊन टाकेल. त्याच्या लेखी हा माणूस आजच जन्माला आला! शिकवणीत हे नियम म्हणून सांगतातही, 'आपले यंत्र बदलू नका'. पण नियमामागचे कारण ज्याला उमगले नाही त्याच्या दृष्टीने तो 'चपला बाहेर काढा' या पाटीसारखा असतो. कुणी बघत नसले की मोडायला हरकत नाही.

यंत्र कधी चुकत नाही, असे मानणाऱ्यांसाठी एक घडलेली हकिगत सांगतो. १९९५ साली एका युरोपीय कंपनीने 'नायट्रॉक्स'साठी म्हणून एक संगणक काढला. नायट्रॉक्स म्हणजे ऑक्सिजन जास्त आणि नायट्रोजन कमी असलेली हवा. ती घेतली की नायट्रोजन कमी साठतो आणि पाण्याखाली अधिक वेळ मिळतो. आता बुडी संपवून नावेवर आलेला माणूस नळी तोंडातून काढतो आणि चारचौघांसारखी साधी हवा घेतो. यंत्राच्या आज्ञावलीत मात्र चूक अशी राहिली की, नावेवर बसूनही हा नायट्रॉक्सच ओढतो आहे असे ते धरून चालले. त्यामुळे अंगातला नायट्रोजन लवकर उतरला असा त्याचा हिशेब झाला आणि पुढच्या बुडीला हातचा कमी धरला गेला. ती यंत्रे अमेरिकेत रीतसर परत मागवली गेली ती २००३ साली. ही चूक पकडायला अभियंता असण्याची गरज नव्हती. दोन बुड्यांच्या मध्ये अंगातला नायट्रोजन किती वेगाने उतरतो याचा ज्याला अंदाज होता, तक्ता शेजारी ठेवून बघायची ज्याला सवय होती, त्याच्या मनात 'हा आज फारच उदार झालाय' एवढी शंका तरी आली असती. ज्याला अंदाजच नव्हता त्याला शंका कशी येणार? शंका यायलासुद्धा थोडे ज्ञान लागते.

हे झाले खोल जाणाऱ्यांचे. आमची मुले सहलीत जातात ती सहा-आठ, फार तर दहा मीटर, तेही प्रशिक्षकाचा हात धरून आणि थोडा वेळ. तिथे नायट्रोजनची भीती जवळजवळ नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण तिथे दुसरा धोका आहे, आणि त्याच्याबाबत मनगटी संगणक जवळपास निरुपयोगी आहे.

आमच्या तलावांत पिढ्यान्‌पिढ्या ढीवर बांधव बुड्या मारीत आले आहेत. कोणी पाण्यात बुडाले की शोधायला पहिली हाक त्यांनाच जाते. त्यांच्याकडे बघून प्रत्येक पोराच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसलेली असते : पाण्यात श्वास कोंडून धरायचा. ढीवराच्या बुडीत ते बरोबरच आहे. त्याने काठावर छाती भरून हवा घेतली, खाली ती दाबाने आक्रसली, वर येताना पुन्हा पसरली; पण पसरून पसरून मूळ आकाराएवढीच होणार. स्कूबात छाती भरते ती तळाशी, तळाच्या दाबाने. दहा मीटरवर भरलेली छाती कोंडून माणूस वर आला तर आतली हवा दुप्पट व्हायला बघते, आणि फुप्फुस काही फुगा नव्हे. भरलेल्या छातीने चार फूट वर येणेदेखील फुप्फुस फाटायला पुरते, असे या विषयातले जाणकार सांगतात. चार फूट म्हणजे आमच्या तलावात कमरेच्या वरचे पाणी. आणि गंमत अशी की, हा धोका खोल पाण्यापेक्षा उथळ पाण्यात मोठा. तीस मीटरवरून वीसवर आले तर हवा एक-तृतीयांशाने वाढते, दहावरून काठावर आले तर दुप्पट होते. खोली तेवढीच चढली, परिणाम तिप्पट. बॉईलचा हा नियम आपण शाळेत पाठ केला, परीक्षेत लिहिला आणि विसरलो. घाबरलेल्या माणसाची उपजत बुद्धी सांगते की श्वास धर आणि वर पळ. ढीवराची विद्याही 'श्वास धर' हेच सांगते. त्या क्षणी उलटे वागायला लावणारी एकच गोष्ट असते : आपल्या छातीत काय चालले आहे याचे डोळ्यांपुढे उभे राहिलेले चित्र. 'श्वास रोखू नका' हे वाक्य नावेवर दहा वेळा सांगतात. चित्र मात्र क्वचितच काढून दाखवतात. काढायला दोन मिनिटे लागतात.

यावर एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. मोटार चालवणाऱ्याला इंजिन कुठे समजते? दिवा लावणाऱ्याला वीज कुठे समजते? खरे आहे. पण मोटार बंद पडली तर माणूस रस्त्याच्या कडेला उभा राहतो. वीस मीटर पाण्याखाली यंत्राचा पडदा कोरा झाला तर उभे राहायला रस्ता नसतो. आणि मोटार चालवणाऱ्याला इंजिन समजत नसले तरी रस्ता समजतो. वळणावर गाडी कशी झुकेल याचा अंदाज त्याला असतो. मी मागतो ते एवढेच आहे. यंत्र उघडून दुरुस्त करा असे मी म्हणत नाही.

कोकणातल्या जुन्या कोळ्याला भरतीची वेळ कशी कळे? तिथीची पाऊणकी. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, तीन वाजता भरती. अष्टमीला आठ पाऊणे सहा, सहा वाजता. आपल्या आजोबांनी पावकी, निमकी, पाऊणकी घोकली ती बाजारासाठी; त्याने तीच समुद्रावर चालवली. चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशिरा येतो आणि भरती चंद्रामागे चालते, हे त्या पाऊणकीत दडलेले ज्ञान आहे. आज भरतीची मिनिटामिनिटाची वेळ मोबाइलवर मिळते आणि ती पाऊणकीपेक्षा अचूक असते. कोळीही ती बघतात, बघावीच. पण मोबाइलने अष्टमीला दुपारी बाराची भरती दाखवली तर जुना कोळी हसेल आणि नवा होडी लोटील. फरक तेवढा आहे.

पाणबुड्यांचीही अशी एक पाऊणकी आहे. पहिल्या बुडीसाठी, साठ ते शंभर फुटांच्या दरम्यान, फुटांतली खोली आणि मिनिटांतली वेळ यांची बेरीज एकशेवीसच्या पुढे जाऊ देऊ नये. साठ फुटांवर साठ मिनिटे, ऐंशीवर चाळीस, शंभरवर वीस. हा ठोकताळा आहे, शास्त्र नव्हे, आणि त्याच्या भरवशावर बुडी मारा असे कोणी म्हणणार नाही. पण पाण्यात उतरण्यापूर्वी ज्याने मनात ही बेरीज केली, त्याचे यंत्र शंभर फुटांवर चाळीस मिनिटे देऊ लागले तर त्याच्या डोळ्यांत ते खुपेल. माझी कसोटी हीच आहे : यंत्र काय सांगेल हे यंत्र बघण्यापूर्वी अदमासे सांगता आले पाहिजे. ज्याला येते त्याने खुशाल यंत्रावर विसंबावे. आज पुष्कळ ठिकाणी तक्ता शिकणे ऐच्छिक झाले आहे. विद्यार्थ्याने यंत्र घेतले की तो भाग गाळता येतो. मला हा व्यवहार घातुक वाटतो. तक्ता वापरायचा नसला तरी शिकवावा. संगणक आले म्हणून शाळेतून बेरीज काढून टाकलेली नाही. आणि 'हे विज्ञान शाखेचे' म्हणून हात झटकणाऱ्या माझ्या वर्गबंधूंना विचारावेसे वाटते, तुमच्या रक्तातला नायट्रोजन तुमची शाखा विचारून विरघळतो काय?

राहता राहिला घाट. कोकणातून देशावर येणाऱ्या माणसाचा हा खास प्रश्न, आणि तो यंत्राला सहसा सुचत नाही. बुडी मारल्यावर लगेच विमानाने जाऊ नये हे सर्वांना सांगितले जाते. बहुतेक यंत्रे त्याचे तासही दाखवतात. पाणबुड्यांच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या 'डायव्हर्स अलर्ट नेटवर्क'च्या मार्गदर्शनाप्रमाणे थांब्याविना केलेल्या एका बुडीनंतर किमान बारा तास, आणि अनेक बुड्या किंवा अनेक दिवसांच्या बुड्या असतील तर किमान अठरा. पण आमचा विद्यार्थी विमानाने कुठला जातो! तो मालवणाहून सावंतवाडी, आंबोली घाट चढून कोल्हापूर, आणि तिथून गोंदियाकडे जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस धरून तुमसर रोडला उतरणार. 'विमान नाही, तेव्हा प्रश्न नाही', असा त्याचा हिशेब. नायट्रोजनला विमान आणि एस. टी. यांतला भेद कळत नाही. त्याला वरचा दाब तेवढा कळतो. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा शेकडा आठाने कमी. म्हणजे पाणबुड्या काठावर आल्यावर आणखी सुमारे ऐंशी सेंटिमीटर 'वर' चढला म्हणायचे. वर सांगितलेले बारा-अठरा तासांचे मार्गदर्शन दोन हजार फुटांपासून, म्हणजे सुमारे सहाशे मीटरपासून, लागू होते. घाटमाथा बरोबर त्या उंबरठ्याच्या पलीकडे येतो.

प्रशिक्षकाबरोबर सात-आठ मीटरवर वीस मिनिटे राहून आलेल्या पर्यटकाने यावरून घाबरून जाण्याचे कारण नाही. त्याच्या बोड्याही धड भरलेल्या नसतात. पण प्रमाणपत्र घेऊन दोन-तीन दिवस रोज दोन-तीन खोल बुड्या मारणारे, किंवा विजयदुर्गाच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर असलेल्या आंग्रिया बँकेचे स्वप्न बघणारे, जिथे प्रवाळाचा माथाच वीस मीटर खोल आहे, त्यांचे तलाव काठोकाठ भरलेले असतात. त्यांनी शेवटची बुडी दुपारी मारावी आणि संध्याकाळी घाट चढावा, यात जोखीम आहे. त्रास सुरू झालाच तर शुद्ध ऑक्सिजन देत दाबाच्या कोठडीपर्यंत न्यावे लागते. नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात ती सोय आहे. पण ते मुंबईत कुलाब्याला, मालवणहून सुमारे पाचशे किलोमीटर. वाटेत घाट लागणार नाही असा रस्ता निवडायचा तो वेगळाच. यंत्राने झालेल्या बुड्यांचा हातचा बरोबर धरलेला असतो. संध्याकाळी मालक कुठे निघाला आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

तेव्हा शेवटची बुडी आदल्या दिवशी सकाळी उरकावी आणि ती रात्र मालवणातच काढावी. बाजारात हिंडावे, धक्क्यावर बसून किल्ल्यावर उतरणारे ऊन बघावे, रात्री भातावर सोलकढी घ्यावी आणि सकाळच्या गाडीने घाट चढावा. महाराष्ट्र एक्सप्रेस दुसऱ्या दिवशीही असते.